वर चकाचक, खाली चिखल

जुलैच्या मध्यावर कोकणातल्या गाडीचा खरा रंग ओळखायचा असेल तर तिच्या टपाकडे पाहावे लागते. टपाखाली सगळ्या गाड्या सारख्याच. पांढरी असो, निळी असो, चंदेरी असो, अर्ध्या दारापर्यंत तांबडी. दापोली, मंडणगड, खेड, चिपळूण, कुठेही जा. डांबरी रस्ता सोडून मोहल्ल्याकडे किंवा वाडीकडे वळले की शेवटचा अर्धा-एक किलोमीटर खडी, मुरूम आणि चिखलाचा. सकाळी धुतलेली गाडी संध्याकाळी ओळखू येत नाही. मग काही जण रोज सकाळी फडके घेऊन गाडीमागे लागतात, आणि काही जण ‘पाऊस गेल्यावर बघू’ म्हणून चार महिने तिच्याकडे पाहतही नाहीत.

आम्ही शाळेत शिकवतो, गाड्या दुरुस्त करत नाही. पण शाळेचा रस्ताच असा आहे की गाडी आणि माती यांचे नाते रोज डोळ्यांसमोर असते. जे कळले ते या रस्त्याने आणि गॅरेजमधल्या चाचांनी शिकवले. आपल्याकडे बहुतेक घरांत गाडी म्हणजे कुणाच्या तरी कुवेत-कतारमधल्या वर्षांची कमाई. पुष्कळदा ती जुनीच घेतलेली असते आणि तिने अजून आठ-दहा वर्षे काढावीत अशी अपेक्षा असते. अम्मीला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडायचे, रात्री-अपरात्री कुणाच्या मय्यतीला पोहोचायचे, सगळे त्याच गाडीवर. तेव्हा गाडी स्वच्छ ठेवणे हा नुसता दिखाव्याचा प्रश्न नाही.

चाचांच्या गॅरेजात मागच्या वर्षी एक पांढरी गाडी उभी होती. सहा वर्षांची, पण वरून अशी लखलखीत की शोरूममधून आणली म्हणावे. मालक रोज पुसत असे. चाचांनी ती जॅकवर उचलली, मागच्या चाकावरच्या कमानीच्या आतल्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि जरासा दाबला. तो आरपार गेला. चाचा म्हणाले, “सर, ही वरून दुल्हन आहे आणि खालून भंगार.”

असे का होते ते समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. कोकणची माती जांभ्याची. जांभ्यात लोखंडाचे ऑक्साइड भरपूर असते, म्हणून ती तांबडी आणि म्हणूनच तिचा डाग कपड्याला बसला की लवकर निघत नाही. पण गाडी गंजते ती या तांबड्या रंगामुळे नव्हे. गंजायला ओलावा आणि हवा लागते. चाकाच्या कमानीत, मडफ्लॅपच्या मागे, दाराखालच्या पट्टीच्या पोटात चिखलाचा जो गोळा जाऊन बसतो, तो ओल्या स्पंजासारखा असतो. पाऊस दोन दिवस थांबला, रस्ता सुकला, टप तापले, तरी तो गोळा आतून ओलाच. पत्र्यावर चोवीस तास ओले फडके बांधून ठेवल्यासारखे ते आहे. त्यात आपण समुद्राकाठची माणसे, हवेतच मीठ. मीठ गंजाची गती वाढवते. आणि खडीने जिथे जिथे रंगाचा टवका उडालेला असतो, तिथे गंजाला दार उघडेच मिळते.

घाटावरच्या वाचकांची अडचण वेगळी आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला डिंकासारखी चिकटते. शेताच्या पाणंदीतून गाडी शंभर पावले गेली की चाक आणि कमान यांच्यातली फट भरून जाते, आणि तीच माती वाळली की विटेसारखी कडक होते. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमच्या खोबणीत असा गोळा वाळून बसला की चाकाचा तोल जातो. मग डांबरी रस्त्यावर वेग घेतला की स्टिअरिंग थरथरते. आपण धावत-पळत अलाइनमेंट करायला जातो, पैसे भरतो; दोष मात्र पावशेर मातीचा असतो. लांबच्या प्रवासाआधी चाकांच्या आत हात घालून पाहावे. काठीने खरवडून माती काढली तरी पुष्कळदा काम होते.

आता त्या रोजच्या कोरड्या फडक्याविषयी. घरोघरी हे चालते, आणि गाडीवर प्रेम असलेली माणसेच ते जास्त करतात. पण मातीच्या थरात टणक, टोकदार कण असतात. कोरडे फडके फिरवले की ते कण रंगावर घासले जातात. सॅंडपेपर फिरवण्याचाच तो सौम्य प्रकार. वर्षभरात रंग निस्तेज होतो, उन्हात पाहिले तर गोल गोल बारीक ओरखडे दिसतात, आणि मग मालक म्हणतो, कंपनीचा रंगच हलका. आमचे मत स्पष्ट आहे: पाणी नसेल तर गाडी मळलेली राहू द्यावी. मळलेल्या गाडीचे काही बिघडत नाही, कोरडी घासलेल्या गाडीचे बिघडते. जुम्याच्या नमाजला पांढरे कपडे घालून मळलेल्या गाडीतून उतरायला आम्हाला तरी काही वाटत नाही.

मात्र चार जागा अशा आहेत की त्या रोज, निघण्यापूर्वी, स्वच्छ असल्याच पाहिजेत: काचा, दिवे, आरसे आणि नंबर प्लेट. नंबर वाचता येणे कायद्याने बंधनकारक आहे, तेवढ्यासाठी पोलिसाशी हुज्जत नको. दिव्यांचे महत्त्व त्याहून मोठे. चिखलाच्या पातळ थरातूनही उजेड निम्मा-अर्धा होतो आणि जो बाहेर पडतो तो विखुरलेला असतो. पूर्वीचे हॅलोजनचे दिवे तापायचे, त्यांच्यावरचे पाणी तरी सुकायचे. हल्लीच्या एलईडी दिव्यांची काच फारशी तापत नाही, त्यामुळे वर बसलेला चिखल तसाच राहतो. मागचा लाल दिवा तर आपल्याला बसल्या जागी दिसतच नाही. मागून येणाऱ्या ट्रकला आपला ब्रेक दिसला नाही तर काय होईल, हे सांगायला नको. पाण्याची एक जुनी बाटली आणि एक मऊ फडके दाराच्या कप्प्यात ठेवले की हे काम दोन मिनिटांत होते.

हॅचबॅक गाड्यांची मागची काच इतकी का मळते, हा प्रश्न आम्हाला विद्यार्थ्यांनी विचारला होता. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे भोवरे तयार होतात, आणि चाकांनी उडवलेला चिखल उलट फिरून काचेवर येऊन बसतो. सपाट पाठीच्या गाडीत हे जास्त, डिकी बाहेर आलेल्या गाडीत कमी. म्हणून हॅचबॅकला मागे वायपर देतात. आपल्या गाडीला तो नसेल तर थांबून पुसण्याला पर्याय नाही. मागे घेताना दाखवणारा कॅमेराही तिथेच असतो आणि सगळ्यांत आधी तोच आंधळा होतो. आंगणात लहान मुले खेळत असताना कॅमेऱ्यावर विसंबू नये, उतरून पाहावे.

पुढच्या काचेचे एक तंत्र आहे. समोरून डंपर येतो आणि गढूळ पाण्याचा फटकारा मारून जातो, तेव्हा घाबरून लगेच वायपर सुरू केला की काचेवर तांबडा लेप फासला जातो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. आधी काचेवर पाणी सोडावे, मग वायपर फिरवावा. त्यासाठी बॉनेटखालची पाण्याची टाकी भरलेली हवी. ती टाकी आठवड्यातून एकदा पाहावी. वायपरचे रबर पावसाआधी बदलावे. त्याला खर्च फार नाही. त्या रबराच्या कडेला अडकलेला एक खडा काचेवर कायमची कमान कोरून ठेवतो. रात्री समोरच्या गाडीचा उजेड त्या कमानीवर पसरला की रस्ता नाहीसा होतो.

गाडीवर चिखल मुळात कमी उडावा, यासाठी सगळ्यांत स्वस्त साधन म्हणजे उजव्या पायाचा संयम. नववीच्या विज्ञानात आम्ही शिकवतो की वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी वीसच्या वेगाने डबक्यातून गेलात तर पाणी चाकापाशीच बाजूला पडते. चाळीसने गेलात तर ते दाराच्या काचेपर्यंत आणि रस्त्याकडेच्या माणसाच्या छातीपर्यंत जाते. पावसाळ्यात रोज एक-दोन मुले गणवेशावर चिखलाचे पट्टे घेऊन वर्गात येतात. एखादी मुलगी पहिल्या तासाला बाकावरून उठत नाही, फळ्याकडे बोलावले तर मान खाली घालते. तिच्याकडे तो एकच गणवेश असतो. ज्याने उडवले त्याला आरशातही दिसले नसेल. शाळा, मदरसा आणि बसथांब्यासमोर तरी पाय आवरावा. डबक्याखाली खड्डा किती खोल आहे हे आपल्याला माहीत नसते, ते वेगळेच.

खडीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवावे. तिच्या चाकातून सुटलेला खडा आपल्या काचेवर येतो तेव्हा त्याच्या वेगात आपला वेगही मिळालेला असतो. धुळीच्या दिवसांत काचा बंद ठेवून एसी आतलीच हवा फिरवेल असा करावा. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईची आणि आखातातली मंडळी सुट्टीवर आली, लग्ने सुरू झाली की कच्च्या रस्त्यावर धूळ खाली बसतच नाही. त्या काळात इंजिनाचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच पाहावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. हलके झटकून धूळ काढावी, नाही निघाली तर नवा घ्यावा.

मडफ्लॅप ही छोटी वस्तू, पण तिच्याइतका फायदा कशात नाही. पुष्कळ गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये त्या येत नाहीत, वेगळ्या घ्याव्या लागतात. आपल्या गाडीच्या मापाच्याच घ्याव्यात. शक्यतो कंपनीने आधीच दिलेल्या भोकांत बसवाव्यात. बाजारातला मुलगा ड्रिल घेऊन पत्र्याच्या कडेला नवी भोके पाडू लागला तर त्याला थांबवावे, कारण गंज तिथूनच सुरू होतो. आमच्या गावची तरुण मुले मात्र उलट करतात. रुंद टायर बसवतात, ते कमानीबाहेर डोकावतात, आणि मग सगळा चिखल थेट दारांवर. वर पुन्हा महागडे कोटिंग. कोटिंग वाईट नाही, पण ज्याचा रस्ता मातीचा आहे त्याने आधी पैसे खालच्या अंगावर घालावेत. पावसाआधी गाडीच्या पोटाला गंजरोधक लेप द्यावा. तो देण्यापूर्वी खालचा पत्रा धुऊन पूर्ण सुकलेला हवा. ओल्या मातीवरच लेप मारला तर ओलावा आत कोंडला जातो आणि पैसे देऊन गंज पोसल्यासारखे होते. काही ठिकाणी लेपाऐवजी खालून डिझेल नाहीतर जुने ऑइल फवारतात. त्याने रबराचे भाग खराब होतात आणि धूळ अधिकच चिकटते. तसे करू देऊ नये.

धुण्याची पद्धत सांगायची तर ती खालून सुरू होते. गाडी सावलीत, इंजिन थंड. आधी साबण नाही, फडके नाही, नुसते पाणी, आणि तेही चाकांच्या कमानीत. चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवून घ्यावे म्हणजे आतली जागा मोकळी होते. पाणी मारून दहा मिनिटे थांबावे, माती भिजू द्यावी, मग पुन्हा मारावे. कमानीची आतली दुमडलेली कड बोटाने चाचपून पाहावी, पण जपून. पत्रा धारदार असतो. तिथून निघणारी माती पाहून माणूस थक्क होतो. कमान स्वच्छ झाल्यावर मगच टपापासून खाली यावे. दोन बादल्या हव्यात: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे. एकच बादली ठेवली तर काढलेली माती आपण पुन्हा गाडीवर फासतो. दारांचा खालचा भाग शेवटी आणि चाकांना वेगळे फडके. कपड्यांची पावडर वापरू नये, ती रंगावरचा मेणाचा थर उतरवते.

दार उघडून खालची कड पाहिली तर दोन-तीन लहान फटी दिसतील. काचेवरून आत गेलेले पाणी त्यांतूनच बाहेर पडते. त्या मातीने बुजल्या की दाराच्या पोटात पाणी साचते आणि दार आतून कुजते. खराट्याची एक हीर घ्यावी आणि प्रत्येक फट मोकळी करावी. याला पैसा लागत नाही, पण वर्षानुवर्षे कुणी करत नाही. पुढच्या काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी जाळी असते, तिथे साचलेला पालापाचोळाही असाच काढावा.

धुलाई केंद्रात जोराच्या पाण्याने काम झटपट होते, तेही चांगले, पण उभे राहून करून घ्यावे. नळीचे तोंड पत्र्यापासून हातभर लांब हवे. पुढच्या रेडिएटरवर आणि एसीच्या जाळीवर अगदी जवळून मारले तर तिच्या नाजूक पट्ट्या वाकतात, हवा जात नाही आणि इंजिन तापते. बॉनेटखाली तारा आणि इलेक्ट्रॉनिक भाग असतात, तिथे तो झोत नकोच. पोरगा तोंडावर तोंड चमकवत टप धुतो, कारण मालक तेच पाहतो. “बेटा, कमानीत मार,” असे आपण सांगायचे.

पाण्याचा विचारही आहे. घरच्या साध्या पाइपमधून मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज जाते. पाव तास तो सोडून ठेवला तर दीडशे-दोनशे लिटर गेले. पावसाळ्यात पागोळीखाली पिंप ठेवले की गाडीपुरते पाणी फुकट मिळते. पण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या मुलखात एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टॅंकर लागतो. शेजारच्या घरी हंडा भरायला रांग लागलेली असताना आपण आंगणात गाडी धुणे शोभत नाही. उन्हाळ्यात काचा-दिव्यांपुरती एक बादली पुरे, बाकी धूळ राहू द्यावी. आणि कुठल्याही दिवसांत गाडीचे साबण-ऑइलचे पाणी विहिरीकडे किंवा पऱ्याकडे वाहून जाऊ देऊ नये.

समुद्राच्या वाळूत गाडी नेण्याचा शौक वाढला आहे. कर्दे, मुरूडच्या किनाऱ्यावर भरतीत अडकलेली गाडी सुट्टीच्या दिवसांत नवी बातमी राहिलेली नाही. हा शौक न केलेला बरा. चुकून खारे पाणी लागलेच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवावी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

आत बसणाऱ्यांचे थोडे. दाराखालची पट्टी ही सगळ्यांत घाण जागा, आणि उतरताना बुरख्याची, साडीची किनार तिथेच घासते. दावतीला पोहोचेपर्यंत जपलेले कपडे शेवटच्या पावलाला मळतात. उतरण्याआधी ड्रायव्हरने तेवढी पट्टी पुसून दिली तर घरातल्या बायका दुआ देतील. आत उंच कडांचे रबरी मॅट घालावेत. पाणी त्यांतच राहते, खाली गालिचा भिजत नाही. भिजला तर मॅट उचलून वर्तमानपत्र अंथरावे आणि ते बदलत राहावे, नाहीतर बुरशीचा वास बसतो आणि तळाचा पत्रा आतून गंजतो. ड्रायव्हरच्या पायाखाली मात्र एकावर एक दोन मॅट कधीही घालू नयेत. वरचा सरकून पेडलखाली गेला तर ब्रेक दबत नाही. चिखलाचा बूट पेडलवरून घसरतो, हेही लक्षात ठेवावे. बसण्याआधी पाय बाहेर ठेवून टाचा एकमेकींवर आपटाव्यात. मुलांना ही सवय आम्ही खेळ म्हणून लावली; आता ती मोठ्यांना टोकतात.

धुऊन झाली की गाडी लगेच उभी करू नये. ब्रेक ओले असतात. शंभर-दोनशे पावले हळू चालवून दोन-चारदा हलका ब्रेक दाबावा म्हणजे ते सुकतात. सकाळी ब्रेकच्या तबकडीवर तांबूस थर दिसला तर घाबरू नये, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. चाकातून कर्कश आवाज येत असेल तर बहुधा तबकडी आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडा अडकलेला असतो. थोडे मागे-पुढे केले की कधी कधी सुटतो, नाहीतर गॅरेजात दोन मिनिटांचे काम. ओल्या गाडीचा हॅंडब्रेक ओढून ती चार-पाच दिवस उभी ठेवली तर मागचे ब्रेक चिकटून बसतात. सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाखाली जांभ्याचा एक तुकडा लावावा.

पाऊस गेला, ऑक्टोबरची ऊन्हे पडली की गाडी एकदा जॅकवर उचलून घ्यावी आणि स्वतः खाली वाकून पाहावे. जिथे रंग फुगलेला दिसेल तिथे तारेच्या ब्रशने घासून प्रायमर आणि रंग लावून घ्यावा. नखाएवढा डाग असेल तर थोडक्यात निभावते. चाचांनी त्या पांढऱ्या गाडीच्या कमानीचा पत्रा कापून नवा वेल्ड केला, त्यात आठवडा गेला. मालकाने घरच्यांच्या वाऱ्या तोवर रिक्षाने केल्या.